झोपेत दात खाणे आणि जबड्याचे दुखणे : एक दुर्लक्षित विकार

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी भरलेल्या देणगीदार व रुग्ण-नातेवाईक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाचा गोषवारा आपणांसमोर ठेवीत असतो. किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते यंत्र आले, कोणत्या दालनाचे नूतनीकरण झाले, हे सारे या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहेच. त्याची पुनरुक्ती आज करीत नाही. आज एका अशा दुखण्याविषयी बोलण्याची अनुज्ञा मी अध्यक्ष महोदयांकडून घेतली आहे, की ज्याने कोणाचा प्राण जात नाही, ज्याच्यासाठी रुग्णवाहिका धावत नाही आणि त्यामुळेच ज्याची स्वतंत्र नोंद आमच्या वहीत वर्षानुवर्षे झाली नाही. ते दुखणे म्हणजे झोपेत दात खाणे आणि त्यासोबत येणारी जबड्याची वेदना.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. जी वैद्यकीय माहिती मी सांगणार आहे, ती आपल्या दंतविभागातील डॉक्टरांकडून वारंवार विचारून समजून घेतलेली आहे. ती समजून घेण्याची वेळ माझ्यावर का आली, हे आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी दंतविभागाच्या प्रमुख डॉक्टर माझ्या दालनात आल्या आणि म्हणाल्या, “सर, यंदा मला कोणतेही यंत्र नको. जबडादुखीच्या रुग्णांसाठी मला प्रत्येकी अर्धा तास हवा आहे.” त्या काळी बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णास दहा मिनिटे, असे वेळापत्रक मीच आखून दिले होते. एका खुर्चीवर दिवसाला किती रुग्ण तपासले जातात, यावर मी विभागाचा खर्च तोलीत असे. मी त्यांची मागणी नम्रपणे, परंतु स्पष्टपणे नाकारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक मावशी आपल्या सुनेसह माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. शाळेत पोषण आहार शिजविण्याचे काम त्या करीत. डाव्या कानापुढे सतत ठणका, सकाळी उठताच कानशिले जड, भाकरीचा घास चावता येत नाही, अशी त्यांची व्यथा होती. अन्यत्र त्यांच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या. दुखणे मात्र तसेच राहिले होते. कानाची तपासणी झाली, कान निर्दोष निघाला. मग त्या आपल्याकडे आल्या. आपल्याकडेही दोनदा, दहा-दहा मिनिटांत, वेदनाशामक गोळ्या लिहून देऊन त्यांची बोळवण झाली. “साहेब, पैशाचं काही नाही, पण माझ्या चांगल्या दाढा गेल्या त्या गेल्याच ना?” असे त्या म्हणाल्या. माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात सून सहज बोलून गेली, “आत्याबाई रात्री दात खातात. करकर आवाजानं बाळ दचकून उठतं.”

इतक्या तपासण्यांत हे वाक्य कोणीही ऐकले नव्हते, कारण सुनेला कोणी विचारलेच नव्हते. मी त्या दोघींना स्वतः दंतविभागात घेऊन गेलो. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास दिला आणि मी एका कोपऱ्यात उभा राहून तो पाहिला.

आता या विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. वैद्यकशास्त्रात यास ब्रक्सिझम म्हणतात. यात दात एकमेकांवर घासले जातात किंवा जबडा घट्ट आवळून धरला जातो. हे जागेपणी होते तसेच झोपेतही होते, आणि या दोहोंची कारणे व उपाय पुष्कळ अंशी भिन्न आहेत. कॅनडामध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ८ टक्के प्रौढांनी आपण झोपेत दात खात असल्याचे सांगितले होते. मुलांमध्ये हे प्रमाण अधिक असते आणि वय वाढते तसे ते घटत जाते.

आपल्या भाषेत दातओठ खाणे म्हणजे संतापणे. त्यामुळे झोपेत दात खाणारा मनुष्य मनात राग धरून आहे, असा समज होतो. लहान मुलाने दात खाल्ले की पोटात जंत झाले, असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. जंतांचे औषध आवश्यक असेल तेव्हा अवश्य द्यावे. परंतु दात खाण्याचे कारण जंत आहेत, हे सिद्ध झालेले नाही. बहुसंख्य मुलांची ही सवय मोठेपणी आपोआप सुटते. मूल तोंडाने श्वास घेत असेल व घोरत असेल, तर मात्र टॉन्सिल किंवा नाकामागील ग्रंथी वाढल्या आहेत काय, हे तपासून घ्यावे.

पूर्वी दंतवैद्यांचाही असा समज होता, की वरचे व खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून मनुष्य दात खातो. यास्तव दात घासून समतल करण्याचा उपचार केला जाई. पुढे झोपेच्या प्रयोगशाळांत मेंदू, हृदय आणि स्नायू यांच्या हालचाली एकाच वेळी नोंदविल्या गेल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. झोप क्षणभर उथळ होते, मेंदूची क्रिया किंचित जागी होते, हृदयाची गती वाढते आणि त्यामागोमाग चर्वणाचे स्नायू ठेक्यात आकुंचन पावू लागतात. म्हणजे या क्रियेचा उगम मेंदूत व झोपेच्या घडणीत आहे. दातांकडे तो नाही. मानसिक ताण, चिंता, मद्य, धूम्रपान, संध्याकाळनंतरचा अतिरिक्त चहा-कॉफी यांमुळे ती बळावते. नैराश्यावरील काही औषधांनीही ती वाढू शकते. परंतु अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे यांच्याशीही हिचा संबंध आढळतो.

२०१८ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकमताने असे मांडले, की अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तीत दात खाणे हा स्वतःच एक रोग मानू नये; काहींच्या बाबतीत ते अपायाचे निमित्त ठरते, इतकेच. रात्री दात खाणाऱ्या प्रत्येकाचा जबडा दुखत नाही, आणि जबडा दुखणारा प्रत्येक जण दात खात असतोच असेही नाही. म्हणूनच प्रत्येक रुग्णाची हकीकत स्वतंत्रपणे ऐकावी लागते.

अपाय कोणता, हे मला समजले ते घसारा या माझ्या परिचयाच्या शब्दाने. दातांवरील इनॅमलचे कवच हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. पण एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. यंत्रसामग्रीचा घसारा आम्ही दरवर्षी वहीत लिहितो आणि काही वर्षांनी नवे यंत्र घेतो. या मालमत्तेची नवी खरेदी नसते. दिवसभरात जेवताना व गिळताना दातांस दात लागण्याचा एकूण काळ सुमारे वीस मिनिटांपेक्षा अधिक नसतो, असे मानले जाते. इतर वेळी ओठ मिटलेले असले तरी वरच्या व खालच्या दातांमध्ये थोडे अंतर असावे, हीच निसर्गाची योजना आहे. रात्रीच्या घर्षणाने ती मोडते. दात सपाट होतात, त्यांना शिणशिण येते, भरलेली दाढ फुटते.

दुसरा अपाय स्नायूंना व सांध्याला होतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले, की खालच्या जबड्याचा सांधा हलताना जाणवतो. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो; त्यात एक लहानशी मऊ चकती असते. हा सांधा व गालांचे स्नायू शिणले, की ठणका कानात जाणवतो, कानशिलात जाणवतो, दाढेतही जाणवतो. मावशींच्या निर्दोष दाढा अशाच गेल्या. तोंड उघडताना केवळ ‘टक्’ असा आवाज होत असेल आणि दुखत नसेल, तर उपचाराची बहुधा गरज नसते. त्या आवाजाने घाबरून जाऊ नये.

आता उपचारांविषयी. येथे मी विशेष जपून बोलतो, कारण रुग्णाचा सर्वाधिक पैसा याच ठिकाणी व्यर्थ जाण्याचा संभव असतो. झोपेतील दात खाणे कायमचे बंद करील, असा खात्रीचा उपाय आज उपलब्ध नाही. दात वाचविणे आणि वेदना कमी करणे हेच उपचाराचे उद्दिष्ट असते, आणि ते बहुतांशी साध्य होते.

दातांच्या रक्षणासाठी रात्री घालावयाची तबकडी, जिला स्प्लिंट किंवा नाइट गार्ड म्हणतात, ती दिली जाते. रुग्णाच्या दातांचा साचा घेऊन कठीण ॲक्रिलिकची, एका जबड्याचे सर्व दात झाकणारी तबकडी तयार करतात आणि ती प्रत्यक्ष बसवून दोन-तीन भेटींत जुळवितात. मोजक्याच दातांवर बसणारी तबकडी दीर्घकाळ वापरल्यास दात सरकण्याचा धोका असतो. तबकडीने दात खाणे थांबत नाही. घसारा मात्र दातांऐवजी तबकडीच्या खात्यावर पडतो.

वेदनेचे गणित निराळे आहे. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या दीर्घकालीन वेदनेसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत सर्वांत ठाम शिफारस कशाची आहे, हे वाचून मला नवल वाटले. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा व स्नायू सैल करणे, शरीराची ठेवण सुधारणे आणि विचार व सवयी बदलण्यास साहाय्य करणारे समुपदेशन, अशी ती यादी आहे. केवळ वेदनेसाठी तबकडी किंवा बोटॉक्सची सुई यांचा सर्रास वापर करू नये, असा त्या सूचनांचा कल आहे. आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या तबकड्या व सांध्यातील चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्याविरुद्ध त्यांत ठाम मत दिलेले आहे. जे पूर्ववत करता येत नाही, ते आधी करू नये, हा त्यातील व्यवहारी अर्थ मला पटला.

मावशींच्या बाबतीत हेच झाले. पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टरांनी त्यांचे दात पाहिले, गालांचे स्नायू चाचपले, तोंड किती उघडते ते मोजले आणि सुनेकडून रात्रीची हकीकत ऐकून घेतली. मावशी दिवसाही, मोठ्या पातेल्यांपाशी वाकून काम करताना, दात आवळून धरीत असत, हे त्यातून उघड झाले. डॉक्टरांनी त्यांना टिकल्यांचे एक पाकीट आणावयास सांगितले. एक टिकली चुलीमागच्या भिंतीवर, एक धान्याच्या डब्यावर, एक दारावर. टिकली दिसली की पाहायचे : दातांवर दात आहेत का? असतील तर जबडा सैल सोडायचा. या उपायाला दहा रुपयेसुद्धा पडले नाहीत. त्यासोबत व्यायाम झाले, शेक झाला आणि उरलेल्या दातांच्या रक्षणासाठी तबकडी झाली. काही महिन्यांनी त्या भेटल्या, तेव्हा भाकरी दुधात कुस्करण्याची गरज उरली नव्हती. दात खाणे अजून अधूनमधून चालू आहे, असे सून सांगते. गेलेल्या दोन दाढा अर्थातच परत आल्या नाहीत.

त्यानंतर मी वेळापत्रक बदलले. जबडादुखीच्या नव्या रुग्णास आता अर्धा तास दिला जातो, आणि रुग्णासोबत त्याच खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीसही बोलाविले जाते. कारण या विकारात रुग्ण स्वतः झोपेत असतो आणि खरा साक्षीदार घरचा माणूस असतो.

रुग्णांच्या नातेवाइकांना म्हणूनच काही सूचना करावयाच्या आहेत. रात्री आवाज ऐकू आल्यास झोपलेल्यास दटावून उठवू नये. आवाज किती दिवस, कोणत्या प्रहरी आणि घोरण्यासोबत येतो काय, एवढे ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावे. दुखण्याच्या काळात घास लहान घ्यावा, भाकरी आमटीत भिजवून खावी. ऊस, कडक पेरू, चणे-फुटाणे टाळावेत. सुपारी तर कायमचीच सोडावी. कोमट पाण्यात पिळलेल्या टॉवेलने गालांना पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा. जांभई देताना हनुवटीखाली हाताचा आधार द्यावा. फोन खांदा व जबडा यांच्यामध्ये धरून बोलू नये. तबकडी साध्या थंड पाण्याने व ब्रशने धुवावी, कारण गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो; आणि ती डबीतच ठेवावी, कागदात गुंडाळून ठेवलेली तबकडी केरात जाते, हा आमचा अनुभव आहे.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांवर सोडू नयेत. श्रमाने जबडा दुखू लागणे, त्यासोबत छातीत दाब किंवा घाम येणे, हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर कानशिलात प्रथमच तीव्र वेदना, चावताना जबडा भरून येणे आणि दृष्टी अंधूक होणे, हे एकत्र दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. सूज, ताप, गाल किंवा ओठ बधिर होणे, जबडा अडकणे, यांतही विलंब नको. आणि गुटखा, सुपारी किंवा मावा खाणाऱ्याचे तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागले, स्वतःची तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर ते जबडादुखीवर ढकलू नये. तो तोंडातील त्वचा आखडण्याचा, पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारा विकार असू शकतो. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी असे रुग्ण आजही आमच्याकडे येत आहेत.

शेवटी देणगीदार व विश्वस्त यांच्याशी चार शब्द. आपल्यापैकीच एका उदार गृहस्थांनी मागे एक प्रस्ताव ठेवला होता : एक मोठे शिबिर भरवून गरजूंना मोफत तबकड्या वाटाव्यात. त्यामागील सद्भावना निर्मळ होती आणि प्रशासक म्हणून मला तो मोह पडलाही. परंतु तबकडी ही चष्म्याच्या तयार चौकटीसारखी वाटता येत नाही. प्रत्येकाच्या दातांना ती वेगळी जुळवावी लागते, पुन्हा तपासावी लागते, आणि कित्येकांना तिची गरजच नसते. डॉक्टरांनी हे त्यांना समजावून सांगितले. त्या गृहस्थांनी क्षणभर विचार करून विचारले, “मग तुम्हाला कमी काय पडते?” डॉक्टर म्हणाल्या, “आठवड्यातून दोन दुपारी फिजिओथेरपिस्ट.” तो खर्च त्यांनी उचलला, आणि आपले नाव कोठेही लावू नये, असे निक्षून सांगितले. ते आज या सभागृहात बसलेले आहेत. त्यांच्या इच्छेचा मान राखून मी केवळ नमस्कार करतो.

उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने आखलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या जातात. ही योजना गरिबांसाठी मोठा आधार आहे. परंतु आज मी ज्याच्याविषयी बोलत आहे, तो रुग्ण खाटेवर दाखल होतच नाही. तो दुपारी येतो, बाकावर बसतो, गोळ्या घेऊन घरी जातो आणि रात्री पुन्हा दात खातो. त्याला जे हवे ते आमच्या भाषेत महसुली खर्चात मोडते : डॉक्टरांचा वेळ, फिजिओथेरपिस्टची दुपार, समुपदेशकाचे मानधन. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते; वेळेवर कोनशिला बसविता येत नाही. त्यामुळे अशा खर्चासाठी हात आखडता घेतला जातो, आणि हात आखडता घेणाऱ्यांत मी स्वतः अग्रभागी होतो, हे मी आरंभीच कबूल केले आहे.

यास्तव माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे, की बाह्यरुग्ण सेवेसाठी एक लहानसा स्वतंत्र निधी उभारण्याचा विचार व्हावा. त्यातून गरजू रुग्णांच्या तबकड्यांचा, व्यायामाच्या सत्रांचा व समुपदेशनाचा भार उचलता येईल. देणगीदारांना विनंती आहे, की या निधीकडे येणारी रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नये. कोणाची तरी निर्दोष दाढ त्यामुळे जागेवर राहणार आहे. आमच्या वहीत ती जमा म्हणून दिसणार नाही. तथापि जमा म्हणावे असे ते काम आहे.

दंतविभागातील डॉक्टर, फिजिओथेरपी विभागातील सहकारी आणि दहा मिनिटांच्या वेळापत्रकाबद्दल मनात राग न धरता काम करीत राहिलेल्या सर्व परिचारिका यांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो.